ट्यूबावाल्या फोरोचा जामीन

आमच्या यागेचो गावची जेवढी माणसं सीमेपलीकडे वाहाकाच्या डोंगरात उरलीत, त्याहून जास्त लॉस एंजेलिसमध्ये पिको रस्त्याच्या अल्याडपल्याड राहतात. इथं आमच्या गावचा बँड आहे, गावची कमिटी आहे, गावच्या संताचा उत्सव आहे, आणि गावची भांडणंसुद्धा आहेत. माझी बेकरी आहे. माझं नाव एउफ्रोसिना, पण एवढं लांब नाव घ्यायला कुणाला वेळ नाही, सगळे फ्रोसी म्हणतात.

ही गोष्ट फोरोची. क्रिसोफोरो येस्कास. पंच्याण्णव साली तो कागदांशिवाय इकडे आला आणि डेंटिंगच्या एका गॅरेजात लागला. ठोकलेल्या गाड्यांचे पोचे काढायचा. हात इतका हलका, की पत्र्याला कळायचंही नाही आपण कधी सरळ झालो. रविवारी तोच हात बँडच्या वाद्यांवर चालायचा. कुणाचं ट्रंपेट पडलं, कुणाचा सॅक्सोफोन चेपला, की चला फोरोकडे. स्वतः वाजवायचा ट्यूबा, ते अजगरासारखं अंगाभोवती वेटोळं घालणारं पितळी धूड. नवी पोरं-पोरी बँडमध्ये आली की त्यांनाही तोच शिकवायचा.

बोलायला मात्र कंजूष. त्याची बायको झेनाईदा म्हणते, "लग्नाआधी माझ्याशी चार वाक्यं बोलला, त्यातली दोन बैलांबद्दल."

त्यांच्या मुलीचा, बेत्साईदाचा, बाप्तिस्मा झाला तेव्हा तिला हातात धरलं होतं मी. म्हणून मी तिची माद्रीना, धर्माची आई. आणि त्यामुळे फोरो माझा कोंपाद्रे, मी त्याची कोमाद्रे. आमच्यात हे नातं सख्ख्याहून कमी धरत नाहीत. भावाशी अबोला धरता येतो, कोंपाद्रेशी नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढे सगळं तिच्यावरच अडलं. दोन हजार नऊ साली एका लग्नात बँड वाजवून झाल्यावर फोरो मेस्काल, आमच्याकडची कडक दारू, प्यायला, आणि तशाच अवस्थेत गाडी चालवत निघाला. अकराव्या रस्त्यावर उभ्या असलेल्या एका गाडीवर जाऊन आदळला. माणूस कुणी नव्हतं गाडीत, देवाची कृपा. पोलिसांनी नेलं, दहा दिवस तुरुंगात राहिला, नंतर दारू सोडवणाऱ्या वर्गांना गेला. परत आला तो पिणं सोडूनच. आमच्याकडे उत्सवात पेला नाकारणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार लावणं. फोरो पेला हातात घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि शेजाऱ्याला द्यायचा. पहिल्या वर्षी लोक हसले. नंतर त्याच्या शेजारी कुणी बसायचं यावरून भांडणं व्हायला लागली.

दोन हजार सतराच्या मार्चमध्ये, एका मंगळवारी सकाळी तो गॅरेजला निघाला होता. दाराबाहेर दोन गाड्या उभ्या होत्या. साध्या कपड्यांतल्या माणसांनी नावाने हाक मारली, त्याने वळून पाहिलं, आणि संपलं. झेनाईदा तशीच धावत माझ्या बेकरीत आली. हाताला मक्याचं पीठ, पायात घरातल्या सपाता.

"कोमाद्रे, नेलं त्याला."

"कुणी नेलं? कुठे?"

"मला काय माहीत कुठे! डबा इथंच राहिलाय त्याचा."

खरंच, डबा तिच्या हातात होता.

दोन दिवस पत्ता लागला नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला, इथून दोन तासांवर वाळवंटात बांधलेल्या कोठडीतून. परदेशी माणसांना ठेवायची जागा ती, पण भिंती, तारा, गज, सगळं तुरुंगाचंच. फोरो म्हणाला, "मी बरा आहे. बँडचं कपाट उघडं राहिलंय." आणि फोन तुटला.

बेत्साईदा तेव्हा वीस वर्षांची होती, कॉलेजात जायची. रडायचं काम तिने आईवर सोपवलं आणि आपण वकील शोधायला लागली. गरिबांचे खटले फुकट लढवणाऱ्या एका संस्थेत तिला तेर्झियान बाई भेटल्या. बारीक चणीची आर्मेनियन बाई, टेबलावर फायलींचा ढीग, आणि त्या ढिगात कुठेतरी बाईंचा चहा. आम्हा तिघींना बसवून त्यांनी सांगितलं, "देशाबाहेर काढायचा खटला वर्षानुवर्षं चालेल. आत्ता आपण फक्त जामीन मागायचा. न्यायाधीशांना दोन गोष्टी पटवायच्या. हा माणूस बाहेर आला तर कुणाला धोका नाही, आणि तारखेला बोलावलं तर पळून न जाता हजर होईल. हे आपण पटवायचं, सरकारने नाही."

"तो कुठे पळणार?" झेनाईदा म्हणाली. "त्याला बाजारात पाठवलं तर तो गॅरेजच्या रस्त्यानेच जातो."

"हे कागदावर लागेल, सिन्योरा. आणि जामीनदार लागेल. कायदेशीर कागद असलेला, कमावता माणूस, जो पैसे स्वतःच्या नावाने भरेल."

तिघी माझ्याकडे बघायला लागल्या. आता माझं सांगते. मला इथलं नागरिकत्व मिळून तेव्हा सोळा वर्षं झाली होती, तरी सरकारी पाकीट आलं की मी आधी खुर्चीवर बसते, मग ते फोडते. आणि आता सरकारच्या खिडकीत आपणहून जाऊन नाव लिहायचं होतं. पण कोंपाद्रे म्हणजे कोंपाद्रे. मी म्हटलं, "लिहा माझं नाव. स्पेलिंग नीट विचारून लिहा, लांब आहे."

मग पत्रांची मोहीम सुरू झाली. फोरो कसा माणूस आहे हे सांगणारी पत्रं हवी होती, नाव-पत्त्यासकट. इथं मोठी अडचण. बँडमधल्या निम्म्या लोकांकडे कागद नाहीत. ट्रंपेटवाला विल्फ्रीदो बेकरीच्या दारात उभा राहून म्हणाला, "नाव लिहू, पत्ताही लिहू? मग वळकटीपण बांधून ठेवतो. घ्यायला येतील तेव्हा त्यांची खोटी नको."

बेत्साईदा म्हणाली, "काका, तुम्ही नका लिहू. पण तुमच्या लुपिताला क्लॅरिनेट कुणी शिकवलं? ती इथं जन्मली ना? ती लिहू शकते."

विल्फ्रीदोने टोपी काढली, घातली, परत काढली. दुसऱ्या दिवशी लुपिताचं पत्र आलं, दोन पानी. तिच्यामागून एकेक करत फोरोच्या सगळ्या शिष्यांची आली. कुणी आता नर्स होती, कुणी बस कंपनीत होता, एक तर सैन्यात होता. एकतीस पत्रं जमली. गॅरेजच्या मालकाने लिहिलं, बावीस वर्षांत हा माणूस दोनदा उशिरा आला, दोन्ही वेळा रस्ता बंद होता.

तेर्झियान बाईंनी सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "छान आहे. पण सरकारी वकील एकाच गोष्टीवर बोट ठेवणार. दोन हजार नऊ. दारू पिऊन गाडी. त्यावर काय आहे आपल्याकडे?"

काय असणार?

बँडची हजेरीवही फोरोच ठेवायचा. बेत्साईदाने ते उघडं राहिलेलं कपाट धुंडाळलं आणि त्या सालची वही काढून माझ्या काउंटरवर आपटली. त्यात फोरोच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: "क्रिसोफोरो येस्कास. गैरहजर. दारू पिऊन गाडी चालवली, तुरुंगात." त्याच्याखाली सलग सहा रविवार: "क्रिसोफोरो येस्कास. गैरहजर. मिसेस गेन्स यांची गाडी." सोबत अकराव्या रस्त्यावरचा घर नंबर.

"माद्रीना, ही गेन्स कोण?"

"मला विचारतेस? तुझा बाप मला कधी काही सांगतो का?"

गेलो दोघी. दाराची साखळी न काढता एका म्हाताऱ्या काळ्या बाईने फटीतून पाहिलं. "काही विकत घ्यायचं नाहीये मला. आणि माझा देव ठरलेला आहे."

बेत्साईदाने वडिलांचं नाव सांगितलं, गाडीचं सांगितलं.

"कोण, तो मुका?"

"मुके नाहीत ते. माझे वडील आहेत."

साखळी निघाली. ओडेसा गेन्स बाईंनी आयुष्यभर शहराची बस चालवली होती. ऐंशीच्या घरात होत्या, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. आम्हाला बसवून त्या म्हणाल्या, "माझ्या हिरव्या ब्यूकचं दार पार आत गेलं होतं. मी म्हटलं, विमा देईल भरपाई, तू जा. ऐकेना. तुरुंगातून सुटला आणि रविवारी सकाळी हातोड्या घेऊन माझ्या दारात. पुढच्या रविवारी परत. मी खिडकीतून ओरडले, 'चर्चला जाऊ देशील की नाही?' तर उठून माझ्यासाठी फाटक उघडून उभा राहिला. सहाव्या रविवारी मी दार लावून पाहिलं आणि म्हटलं, नव्या गाडीलाही असा आवाज येत नाही. तेव्हा हसला. एवढंच आमचं बोलणं. पण दर नोव्हेंबरात मोठा गोल पाव आणून देतो, बडीशेपेचा वास असलेला."

"माझा पाव!" मी एकदम म्हटलं. मृतांच्या सणाला फोरो दरवर्षी एक पाव जास्त घ्यायचा, आणि मी मनात म्हणायचे, याला खादाडपणा कधीपासून सुचला.

बाई म्हणाल्या, "मग त्यात साखर जरा कमी घाल. आणि कागद आण इकडे. मला टाईप वगैरे येत नाही, हातानेच लिहिणार."

एप्रिलमध्ये पहिली सुनावणी झाली. कोर्ट त्या कोठडीच्या आवारातच. मागच्या बाकावर आम्हाला बसू दिलं. झेनाईदा आली नाही, तिच्याकडे कागद नाहीत. तिथल्या फाटकापर्यंत जाणंसुद्धा तिला परवडणारं नव्हतं. फोरोला निळ्या कपड्यांत आणलं. महिन्याभरात खांदे उतरले होते त्याचे. स्पॅनिशचा दुभाष्या होता. न्यायाधीशांनी शांतपणे विचारायला सुरुवात केली आणि थोड्याच वेळात दोन हजार नऊवर आले.

"त्यानंतर तुम्ही परत दारू प्यायला नाहीत?"

फोरो म्हणाला, "हो."

आमची गावची भाषा सापोतेक, तिच्यात हे उत्तर बरोबर आहे. प्यायला नाहीत? हो, नाही प्यायलो. पण दुभाष्याने नुसतं 'हो' पुढे सरकवलं. सरकारी वकिलाने मान वर केली. न्यायाधीशांनी विचारलं, "म्हणजे प्यायलात?" आता फोरो गोंधळला. गोंधळला की तो सगळ्याला 'हो' म्हणतो, म्हणजे विषय संपतो.

"हो," तो म्हणाला.

बेत्साईदाने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली. तेर्झियान बाई उठून उभ्या राहिल्या. "महाराज, माझ्या अशिलाची मातृभाषा सापोतेक आहे. स्पॅनिश त्यांना कामापुरतं येतं. मला सापोतेक दुभाष्या हवा."

न्यायाधीशांनी फोरोकडे पाहिलं. "तुम्हाला स्पॅनिश नीट समजत नाही?"

यालाही तो 'हो' म्हणाला. पण तोवर न्यायाधीशांच्याही लक्षात आलं होतं. तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली.

पुढच्या शनिवारी काचेपलीकडून फोनवर बाप-लेकीचं जे झालं, ते मी शेजारी बसून ऐकलं.

"पापा, तुम्ही आधीच का नाही सांगितलं, मला स्पॅनिश पुरेसं येत नाही म्हणून?"

"येतं ना. गॅरेजात चालतं."

"गॅरेजात तुम्ही बोलताच कुठे!"

फोरोने बाहीने काचेवरचे बोटांचे डाग पुसले. मग म्हणाला, "शाळेत आमच्या भाषेत बोललं की मास्तर पट्टी मारायचे. रानटी म्हणायचे. म्हणून तुलाही शिकवली नाही. चारचौघांत सांगायचं, मला स्पॅनिश येत नाही... लाज वाटते, पोरी."

बेत्साईदा रागाने लाल झाली होती, पण बोलली हळू. "आणि तुम्हाला परत धाडलं, तर मला काय वाटेल? पट्टीवाला मास्तर मेला असेल एव्हाना. तुम्ही तिथं आपल्या भाषेत बोला. मला अर्धंच कळेल, तरी चालेल."

मे महिन्यातल्या दुसऱ्या सुनावणीत दुभाष्या फोनवरून होता. तो बोलू लागला आणि फोरो माझ्याकडे वळून बघायला लागला. तो माणूस दक्षिणेकडच्या डोंगरातला. नावाला सापोतेक, पण त्याचं आम्हाला आणि आमचं त्याला काही कळेना. या वेळी फोरो 'हो' म्हणाला नाही. तो हळूच उठला आणि तोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाला, "महाराज, माफ करा. हा चांगला माणूस आहे, पण मला समजत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा कुणा सरकारी माणसाला 'मला समजत नाही' म्हणाला तो. मला तर टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या.

न्यायाधीशांनी तासभर थांबायचं ठरवलं. तासाने फोनवर एका बाईचा आवाज आला आणि फोरोची पाठ सरळ झाली. बाई आमच्या ओढ्यापलीकडच्या गावची. दोघं बोलायला लागले ते थांबेचनात.

न्यायाधीशांनी विचारलं, "काय चाललंय? मी अजून काही विचारलंच नाही."

"क्षमा करा महाराज," फोनवरची बाई म्हणाली, "मी फक्त विचारलं, तू कुणाचा. आमच्यात आधी ते विचारल्याशिवाय बोलता येत नाही. आता झालं."

सरकारी वकिलाच्याही तोंडावर हसू आलं. मग प्रश्न सुरू झाले, आणि आमचा अबोल फोरो बोलू लागला. लग्न, मेस्काल, गाडी, काही लपवलं नाही. "कुणी मेलं असतं," तो म्हणाला, "ते रोज आठवतं. नंतर थेंबही घेतला नाही." सरकारी वकील म्हणाला, हे नुसतं तोंडाने सांगणं झालं. तेर्झियान बाईंनी हजेरीवहीची पानं पुढे केली, आणि गेन्स बाईंचं पत्र. न्यायाधीशांनी ते मनातल्या मनात वाचलं, एक ओळ मात्र मोठ्याने वाचली: "मी चौतीस वर्षं बस चालवली, दारुडे ओळखते. हा माणूस त्यांतला उरलेला नाही."

शेवटी न्यायाधीशांनी विचारलं, "सोडलं तर तारखेला याल, यावर मी विश्वास का ठेवावा?"

फोरो म्हणाला, "माझी मुलगी इथं आहे. बायको इथं आहे. ट्यूबा वाजवणारं बँडमध्ये दुसरं कुणी अजून तयार नाही. मी जाऊन जाऊन कुठे जाऊ?"

साडेसात हजार डॉलरचा जामीन मंजूर झाला. सरकारी वकिलाने अपील करणार नाही म्हणून सांगितलं. बेत्साईदा बाकावरच वाकून रडली, पहिल्यांदाच.

पैसे कमिटीने आणि बँडने उभे केले, उरलेले मी घातले. त्याचं फार सांगण्यासारखं नाही. सरकारी कचेरीतल्या खिडकीचं सांगते. साडेतीन तास रांगेत बसले. खिडकीतल्या पोरीने विचारलं, "त्याचं तुमच्याशी नातं काय?"

"कोंपाद्रे."

"म्हणजे भाऊ?"

"नाही."

"नवरा?"

"देवा! नाही."

तिने कंटाळून 'मित्र' लिहिलं. मी सही केली. पूर्ण लांब नावाने, एकही अक्षर न गाळता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी कोठडीच्या फाटकाबाहेर उन्हात उभ्या होतो. दोनच्या सुमाराला फोरो बाहेर आला, मार्चमधल्या त्याच शर्टात. पॅन्ट कमरेला राहीना, एका हाताने धरून चालत होता. बेत्साईदाने धावत जाऊन मिठी मारली तर त्याला कळेना, मिठी मारू की पॅन्ट धरू.

गाडीत बसल्यावर तिने आमच्या भाषेत काहीतरी म्हटलं. तीन आठवडे ती झेनाईदाकडून शिकत होती. पण आमच्या भाषेत सूर जरा चढला की अर्थ बदलतो. तिला विचारायचं होतं, पापा, भूक लागलीय का? विचारलं गेलं, पापा, भिजलाय का?

फोरोने खिडकीबाहेरच्या कोरड्या वाळवंटाकडे पाहिलं. "नाही गं," तो म्हणाला, "अजून तरी नाही." आणि हसायला लागला. इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं आणि मला गाडी बाजूला घ्यावी लागली. मग पिशवीतले तामाले, म्हणजे झेनाईदाने केलेल्या मक्याच्या पिठाच्या पानग्या, काढले, केळीच्या पानात अजून कोमट होते. चार खाल्ले त्याने. घरी पोचेपर्यंत कोठडीतल्या लोकांबद्दल बोलत राहिला. शेजारच्या खाटेवरच्या होन्डुरासच्या माणसाला जामीनदार मिळत नाही, तेर्झियान बाईंना त्याचं सांगायला हवं, म्हणाला. दोन तासांत तो जेवढं बोलला, तेवढं मी वीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

खटला अजून चालू आहे. तारीख पुढे जाते, फोरो इस्त्रीचा शर्ट घालून तासभर आधी जाऊन बसतो. मधल्या काळात कामाचा परवाना मिळालाय. होन्डुरासच्या माणसालाही बाहेर काढलं. शनिवारी सकाळी माझ्या बेकरीच्या मागच्या खोलीत आता आमच्या भाषेचा वर्ग भरतो. बेत्साईदाने सुरू केला, पण शिकवतो फोरो. सात-आठ जण येतात. परवा मी पाव भट्टीतून काढत होते, तर आतून त्याचा आवाज आला, चक्क वरच्या पट्टीत: "असं नाही, असं नाही! परत म्हणा. लाजायचं कशाला?"